आधी तुम्ही घ्या

स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागचं अंगण दिसायचं. मी दिलेला चहाचा कप घेऊन बायको पपईच्या झाडापाशी गेली, वळून एकदा दाराकडे पाहिलं आणि चहा बुंध्याशी ओतून दिला. मग कप नळाखाली धरला. नुसता विसळला नाही. राख घेऊन आतून-बाहेरून घासला. ओठ पुसत घरात आली आणि म्हणाली, "चांगला झालता चहा."

हातातली गाळणी तशीच धरून उभा राहिलो. तिला चौथा महिना होता. कित्येक दिवसांपासून तिच्या पोटात काही ठरत नव्हतं, डोकं गरगरायचं, आणि गेल्या आठवड्यापासून हात कापायला लागले होते. त्या हातांनी तिनं तो कप घासला होता. मी चहात काही तरी घालतो आहे, असं तिला वाटत होतं.

हे तिच्या मनात कुठून आलं ते मला ठाऊक होतं. आदल्या संध्याकाळी आम्ही दहा-बारा जणांनी मिळून, हसत हसत, ते तिच्या मनात घातलं होतं. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो होतो.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. मी भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला दारूगोळ्याच्या कारखान्यात लागलो होतो आणि वसाहतीत नुकतंच क्वार्टर मिळालं होतं. माझं गाव अड्याळच्या पलीकडे. घरी तलावाखालची धानाची शेती. ती मोठा भाऊ बघायचा. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. बायको पवनीकडची, तीही धानाच्याच घरची. क्वार्टरसमोरचं सिमेंटचं अंगण तिला आवडायचं नाही. म्हणायची, सारवाले काही नाही, सकाळी हाताले काम नाही.

आमच्याकडे टीव्ही नव्हता. शेजारी फोरमनसाहेबांकडे होता. लाकडी पेटीतला, दोन्ही बाजूंना सरकणारं दार असलेला. आठवड्यातून एकदा संध्याकाळी एक हिंदी मालिका लागायची. खुनाची. त्या दिवशी आमच्या लाइनीत सगळ्यांचा सैपाक लवकर उरकायचा. फोरमनसाहेबांच्या खोलीत सतरंजी पडायची, कोणी तरी गच्चीवर चढून अँटेना नागपूरच्या दिशेनं फिरवायचं, खालून ओरडा व्हायचा, "मुंग्या येऊन राहिल्या, अजून फिरव!" आणि मग एकदम सगळे गप्प.

मालिकेत एक मोठा बंगला होता. बंगल्यातली मालकीणबाई हळूहळू आजारी पडत चालली होती. तिला कोणी तरी विष देत होतं. संशयित चार : नवरा, नणंद, घरचा डॉक्टर आणि म्हातारा खानसामा. दर भागात एक नवी खूण सापडायची आणि आधीची खोटी ठरायची.

पण मालिका अर्ध्या तासाची, आणि तिच्यावरची चर्चा आठवडाभर. पुरुष सायकल स्टँडवर बोलायचे, बायका दुपारी उन्हात बसून. आणि मालिका संपल्या संपल्या, टीव्हीचं दार लावून त्यावर क्रोशाचा रुमाल टाकला, की त्याच सतरंजीवर पहिली बैठक व्हायची. तिचा म्होरक्या होता आमच्याच सेक्शनमधला एक पोरगेला माणूस, अजून बिनलग्नाचा. कशावरही वाद घालायचा म्हणून सगळे त्याला वकील म्हणायचे.

"एक गोष्ट ध्यानात ठेवा," वकील सांगायचा. "कॅमेरा कायच्यावरही उगीच थांबत नसते. थांबला का समजाचं, तिथं खूण आहे."

फोरमनसाहेबांची बायको स्वेटर विणत बसलेली असायची. आम्ही सगळे तिला काकू म्हणायचो. ती मान वर न करता म्हणायची, "मागच्या येळी पोपटावर थांबला होता. मंग का पोपटानं मारलं?"

"पोपट साक्षीदार आहे, काकू."

"बाप्पा! पोपटाले कोर्टात उभा करशीन का रे?"

"तुमी हसा. भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं का कोणी? मागच्या भागात दुसऱ्या पानावर होतं. आज पहिल्या. म्हणजे नणंद खोटं बोलून राहिली."

"अरे, शूटिंग करणाऱ्याची चूक असन ती."

"मुंबईचे लोक चुका करत नसतेत, काकू."

माझी बायको या बैठकीत सुरुवातीला दाराशी बसायची. हळूहळू पुढं सरकली. तिची नजर तिखट होती. एकदा मालिकेतल्या नणंदेनं कपाटाच्या मुठीला केसासारखा बारीक दोरा बांधून ठेवला होता, कोणी उघडलं तर कळावं म्हणून. तो दोरा एकट्या माझ्या बायकोला दिसला. वकिलानं सगळ्यांसमोर हात जोडले. "वहिनी, तुमी माह्या सीनियर." घरी येताना ती अंधारात स्वतःशीच हसत होती. आमच्या लग्नानंतर मी तिला इतकं खूश फार थोड्या वेळा पाहिलं आहे.

मग तिला दिवस गेले. ओकाऱ्या सुरू झाल्या. ते नेहमीचंच म्हणून पहिले काही आठवडे कोणी मनावर घेतलं नाही. सकाळी चुलीपाशी, म्हणजे स्टोपाशी, उभं राहिलं की तिला मळमळायचं, म्हणून मी चहा करायला लागलो. आमच्या लाइनीत पुरुषानं चहा करणं ही मोठी बातमी होती. पाणी भरताना फोरमनसाहेब विचारायचे, "का बाबू, आज पत्ती जास्त टाकली का कमी? मी चहा करतो म्हणलं तर आमच्या हिले झटकाच येईन." मी ओशाळून हसायचो. मला ते चिडवणं आवडायचंही.

त्याच दिवाळीनंतर मी गावी जाऊन आलो होतो. धान निघालं होतं, मळणी झाली होती. भावानं निरोप पाठवला होता, येताना भंडाऱ्याहून बियाण्याच्या धानात टाकायची पावडर घेऊन ये. बियाण्याचं धान ढोलीत भरतात. ढोली म्हणजे बांबूची, शेणानं लिंपलेली मोठी कणगी. त्यात सोंडे होऊ नयेत म्हणून ती विषारी पावडर. मी पावडरीच्या पिशव्या चुंगडीत, म्हणजे पोत्यात, टाकल्या आणि बसच्या टपावर दिल्या. उतरवून घेतल्या तेव्हा एक पिशवी फुटलेली होती. चुंगडी आतून पांढरी झाली होती. मी ती गोठ्याच्या भिंतीवर आपटली, उलटी करून झटकली, दिवसभर उन्हात टाकली. परत निघताना मायनं नवे तांदूळ काढले. "चुंगडी आणली का?" तिनं विचारलं. मी आणली होती. तीच. तिच्यात तांदूळ भरून घेतले आणि जवाहरनगरला आलो.

आमच्या घरी पावडरीची चुंगडी वेगळी असते. तिला काळी चिंधी बांधलेली असते आणि ती गोठ्यात उंच खुंटीवर टांगलेली असते. घरातलं शेंबडं पोरगंही तिला हात लावत नाही. मी त्याच घरात वाढलो. पण दोन वर्षं सिमेंटच्या अंगणात राहिल्यानं माझ्यातलं काय काय गळून पडलं होतं, ते मला कळलंच नव्हतं. मला ती नुसती चुंगडी दिसली. झटकली की साफ.

आता त्या संध्याकाळकडे येतो. मालिकेतला नवरा त्या भागात पहिल्यांदा स्वयंपाकघरात गेला. खानसाम्याला बाहेर पाठवलं, स्वतः चहा केला, ट्रे घेऊन बायकोच्या खोलीत गेला आणि पलंगाशी बसून कपात चमचा फिरवत राहिला. कॅमेरा कपावर थांबला. बराच वेळ थांबला. भाग संपला.

टीव्हीचं दार लागायच्या आतच वकील उठून उभा राहिला. "झालं! केस संपली. ज्या माणसानं जन्मात सैपाकघराचं दार पाहिलं नाही, तो आजच बायकोसाठी चहा काहून करते?"

"पिरमापोटी," काकू म्हणाली.

"पिरमापोटी माणूस साडी आणते, काकू. चहा नाही करत."

खोली हसण्यानं भरून गेली. फोरमनसाहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "मंग आमच्या शेजाऱ्यावर नजर ठेवा लागते! रोज चहा करून राहिला तो. वहिनी, जपून राहजा बरं!"

सगळे माझ्याकडे बघत होते. काही तरी बोलणं भाग होतं. मी म्हणालो, "उद्यापासून दोन चमचे जास्तच टाकतो."

पुन्हा हसणं. वकिलानं माझ्या पाठीवर थाप मारली. मी बायकोकडे पाहिलं. ती हसत नव्हती. ती बंद टीव्हीवरच्या क्रोशाच्या रुमालाकडे बघत होती आणि तिच्या मांडीवरचा उजवा हात कापत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पपईला गेला.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते सांगताना मला आजही लाज वाटते, कारण माझी पहिली भीती तिच्यासाठी नव्हती. स्वतःसाठी होती. हिला काही झालं तर, असं मनात आलं की पुढचं सगळं डोळ्यांसमोर यायचं. पोलीस येतील. तिचे भाऊ येतील. फोरमनसाहेबांच्या खोलीतली दहा-बारा माणसं सांगतील, हो, तो स्वतःच म्हणाला होता, दोन चमचे जास्त टाकतो. त्यात मी कारखान्यात कामाला. अंगाला, कपड्याला सेक्शनचा वास यायचा. ती म्हणायची, "तुमच्या कपड्याचा वास घरभर भरून राहिला. सैपाकघरातही." मी गेटच्या आतच हातपाय धुऊन, कपडे बदलून यायला लागलो. तरी वास जाईना. तोही मला माझाच वाटायचा.

मी चहा करणं सोडलं नाही. सोडलं असतं तर तिला वाटलं असतं, याला कळलं. रोज सकाळी मी कप द्यायचो, रोज ती मागच्या अंगणात जायची. मी तिच्यासाठी मोसंबी आणली, ती तिनं काकूच्या मोलकरणीला दिली. कँटीनमधून लाडू आणला, तो तसाच राहिला. "बाहेरचं जात नाही मले," ती म्हणायची. "माह्या हातचंच जाते."

तिच्या हातचं म्हणजे भात. सकाळी भात, रात्री भात, मधे पेज. मी दुपारी कँटीनमध्ये जेवायचो आणि रात्री मला पोळ्या लागायच्या. हे खूळ मला वसाहतीत आल्यावर लागलं होतं. फोरमनसाहेबांकडे रोज पोळ्या होत्या. दोन्ही वेळा भात खाणारा माणूस खेडवळ, असं माझं मत झालं होतं. गावचे तांदूळ मी हौसेनं आणायचो आणि खायचो नाही. चार घास खायचो, ते तिनं आग्रह केला तर. कधी कधी माझं डोकं दुखायचं. ते मी काळजीचं दुखणं समजायचो.

एक दिवस मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो तर कोपऱ्यात दोन विटांवर ठेवलेल्या चुंगडीचं तोंड वेगळ्याच गाठीनं बांधलेलं दिसलं. सुतळीत लाल दोऱ्याचा तुकडा ओवलेला. बारीक, केसासारखा. मला ओळखायला वेळ लागला नाही. मालिकेतली नणंद. बायकोनं तांदळावर पहारा बसवला होता. घरात तिचा विश्वास आता त्या एका चुंगडीवर होता, आणि ती माझ्यापासून सांभाळायची होती. मी ग्लास न भरताच बाहेर आलो.

भंडाऱ्याला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तपासलं, गोळ्या दिल्या. हात कापतात हे पाहून त्या थोड्या थांबल्या. "घरी काही वेगळं खाण्यात येतं का?" त्यांनी तिला विचारलं. बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, नाही. मी तिथं बसलेलो होतो; ती काय सांगणार? "कमी नाही झालं तर लगेच आणा," बाई म्हणाल्या. बसमध्ये ती खिडकीला चिकटून बसली. आमच्या दोघांच्या मधे तिनं पिशवी ठेवली होती.

दोन दिवसांनी तिची पापणी उडायला लागली. गालाचा स्नायू आपोआप ओढला जायचा. भाजी चिरता चिरता पावशी सोडून ती भिंतीला टेकली आणि म्हणाली, "मले माहेरी पाठवा."

"हाव," मी म्हणालो. मला इतकं हायसं वाटलं की मी लगेच पत्र टाकलं. माझ्या घरातून गेली तर निदान माझ्या घरात तरी काही होणार नाही. हा माझा विचार होता. मी तो लपवत नाही.

"रविवारी दादा येईन दुपारच्या बसनं," पत्राचं उत्तर आल्यावर ती म्हणाली. "आणि तांदूळ मी संग नेईन. ते चुंगडीतले."

माहेरी धानाच्या ढोल्या भरलेल्या असताना ही इथून तांदूळ नेते आहे, हे मला विचित्र वाटलं. पण मी हो म्हणालो. मी तेव्हा कशालाही हो म्हणत होतो.

त्या आठवड्याचा भाग बघायला ती आली नाही. मी गेलो. गेलो नसतो तर लोक काय म्हणतील, ही धास्ती. भागात काय झालं ते मला धड आठवत नाही. आठवते ती रविवार सकाळची बैठक. कडाक्याची थंडी होती, फोरमनसाहेबांच्या क्वार्टरसमोर ऊन पडलं होतं. काकू विणत होती, फोरमनसाहेब दाढीचा साबण तसाच गालावर ठेवून स्टुलावर बसले होते, वकील उकिडवा. आमच्या घरात बायको बांधाबांध करत होती. मी ओट्यावर बसलो होतो, कारण घरात बसवत नव्हतं.

"नवरा नाही," वकील म्हणाला.

"त्या दिवशी तर फाशी देऊन मोकळा झालता तू," फोरमनसाहेब म्हणाले.

"तेच सांगून राहिलो न. इतकं उघड दाखवून राहिले म्हणजे तो नाहीच. आपल्याले चहाकडे पाहाले लावलं, खूण दुसरीकडंच."

"कुठं?"

"ते नाही समजलं अजून."

काकूनं सुई थांबवली. "मले एक सांग. त्या बंगल्यात चहा सारेच पितेत. जेवण सारे एकाच टेबलावर करतेत. मंग तिलेच कायले होते? ती एकटी काय खाते, ते पाहा न."

वकिलानं मांडीवर हात आपटला. "काकू! हे बरोबर! ती एकटीच खाते, दुसरं कोणी नाही खात, असं काय आहे?"

"पान?" फोरमनसाहेब म्हणाले.

"पान नाही दाखवलं एकदाही."

"रात्रीची गोळी?"

"ती डॉक्टर सगळ्यांसमोर देते."

माझं लक्ष त्या बंगल्यात राहिलं नाही. ती एकटी काय खाते. हा प्रश्न मी इतक्या दिवसांत एकदाही स्वतःला विचारला नव्हता. मी फक्त चहाचा विचार करत होतो, कारण आरोप चहावर होता.

काकू पुन्हा विणायला लागली आणि सहज म्हणाली, "तुमच्या बायकोले जरा बोला हो. दिवसभर कच्चे तांदूळ चघळत राहते पोरगी. ओटीत घेऊन बसते. मी म्हणलं, पंडुरोग होईन तुले. म्हणे, काकू, तेवढेच जातेत."

मी उठलो. कोणाला काही न सांगता घरात गेलो. न्हाणीत पाण्याचा आवाज येत होता. स्वयंपाकघराच्या दाराशी तिची ट्रंक, आणि ट्रंकेशेजारी चुंगडी. तोंडाला लाल दोऱ्याची गाठ. माझ्या बोटांनी ती सुटेना, मी दातानं तोडली.

वरचे तांदूळ नुसते तांदळासारखे होते. कोंड्याची पूड हाताला लागली, गिरणीच्या नव्या तांदळाला असतेच. मी कोपरापर्यंत हात आत घातला आणि कडेच्या शिवणीला बोटं लावली. शिवणीत पांढरी भुकटी घट्ट बसली होती. कोंडा नव्हे, मऊ, पिठासारखी. मी हात नाकाशी नेला. इतके दिवस घरभर येत होता तोच वास. माझ्या कपड्यांचा, माझ्या सेक्शनचा म्हणून मी जो धूत होतो तो.

"काय मिसळून राहिले तुमी?"

ती न्हाणीच्या दारात उभी होती. केसांतून पाणी गळत होतं. माझे दोन्ही हात तिच्या तांदळात होते, पांढरे झालेले, आणि तोंडात तोडलेला लाल दोरा.

तिच्या तोंडावर जे होतं ते मी पुन्हा कोणाच्या तोंडावर पाहिलेलं नाही. आश्चर्य नव्हतं त्यात. तिला जे माहीत होतं ते तिनं आता डोळ्यांनी पाहिलं होतं. तिनं एक हात पोटावर धरला आणि भिंतीला घासत घासत मागच्या दाराकडे सरकायला लागली.

"ऐक," मी म्हणालो. "तांदूळ खाऊ नको. हे तांदूळ..."

"काकूऽऽ!" ती ओरडली. "काकू, धावा वोऽऽ!"

सगळे आले. फोरमनसाहेबांच्या गालावर साबण वाळलेला. काकूनं तिला कवेत घेतलं. वकील दारात उभा राहिला आणि त्यानं माझे हात पाहिले, चुंगडी पाहिली. त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की आता तो खेळत नाही. त्यानं दार अडवलं.

मी बोलायला लागलो. नीट बोलता येईना. पावडर, बसचा टप, फुटलेली पिशवी, गोठ्याची भिंत. मागचं पुढं, पुढचं मागं. मायची काळी चिंधी. मी दोन्ही हात समोर धरले होते, कपड्यालाही पुसत नव्हतो. फोरमनसाहेब जवळ आले. वाकून त्यांनी चुंगडीचा वास घेतला आणि झटकन तोंड फिरवलं.

"अरे, हा तर ढेकणाच्या पावडरीचा वास," ते म्हणाले. "हे खाऊन राहिली पोरगी?"

काकूच्या खांद्यावरून बायको माझ्याकडे बघत होती. तिचा गाल ओढला जात होता.

"म्हणजे तुमीच घातलं," ती म्हणाली.

"हाव," मी म्हणालो. "मीच."

तिचा भाऊ बसमधून उतरून आला तेव्हा आम्ही फोरमनसाहेबांनी आणलेल्या जीपमध्ये बसत होतो. त्यालाही जीपमध्ये घेतलं आणि रस्त्यात सगळं सांगितलं. तो माझ्याशी बोलला नाही, पण उतरलाही नाही. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं, चुंगडीतले मूठभर तांदूळ पुडीत बांधून मागितले आणि मग तिला विचारलं, "कच्चे तांदूळ किती खात होतीस?" बायकोनं ओंजळ करून दाखवली. ती ओंजळ कापत होती. मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो.

तिला काही दिवस तिथं ठेवलं. चौथ्या-पाचव्या दिवशी पापणी थांबली. मग हात थांबले. पोटातल्या लेकराचं काय, याला डॉक्टरीणबाईंनी उत्तर दिलं नाही. "वाट पाहू," एवढंच म्हणाल्या. ती वाट पाच महिने पाहिली.

तांदूळ वकिलानं पुरले. नळापासून लांब, वसाहतीच्या कुंपणाशी कंबरभर खड्डा खणला आणि वर दगड रचले. काकू आठवडाभर तिथून कोंबड्या हाकलत होती. गावाहून माय आली. तिनं मला रागावलं नाही. ट्रंकेवर बसून ती एवढंच म्हणाली, "चिंधी कायले बांधतो, हे तुले सांगाचं राहिलं का माह्याकडून?" ते ऐकण्यापेक्षा चार रट्टे बरे होते.

मालिका संपली तेव्हा बायको माहेरी होती. मी शेवटचा भाग पाहिला नाही. दुसऱ्या दिवशी सायकल स्टँडवर वकील माझी वाट बघत थांबला होता. त्यानं चर्चा सोडून दिली होती.

"दादा," तो खाली बघत म्हणाला, "नवऱ्यानं नव्हतं केलं."

मी मान हलवली आणि सायकल काढली. कोणी केलं होतं, ते मी आजपर्यंत विचारलेलं नाही.

मुलगी झाली. रडली, दूध प्यायली, सगळं जसं व्हायचं तसं झालं. पण मी तिचे हात पाहायचो. झोपेत मूठ हलली तरी पाहायचो. ती पाटीवर पहिलं अक्षर काढायला बसली तेव्हा तिची रेघ वाकडी गेली. सगळ्या पोरांची जाते. मी मागच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. आज ती शिलाई मशीनवर बारीक काम करते आणि सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवते. तरी मी बघतोच.

बायको माहेराहून लेकीला घेऊन परत आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा केला. करावा की नाही, यात अर्धी रात्र गेली होती. कप तिच्यासमोर धरला. तिनं घेतला नाही. रागानं नाही, थट्टेनंही नाही, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आधी तुमी घ्या."

मी एक घोट घेतला. तिनं थोडं थांबून कप घेतला.

तेव्हापासून हे रोज चालू आहे. आता आमच्याकडे स्वतःचा टीव्ही आहे आणि गुन्ह्यांच्या मालिका दिवसभर लागलेल्या असतात. तिला त्या अजून आवडतात. अजूनही खूण सगळ्यांत आधी तिलाच दिसते. "पाहा, घड्याळ बदललं त्याचं," ती एकटीच बोलते. मी चहा करतो, तिच्यासमोर उभा राहून एक घोट घेतो आणि कप पुढं करतो. पडद्यावरून नजर न हलवता ती हात लांब करते. आणि मी तिथंच उभा राहतो, तिचा पहिला घोट खाली जाईपर्यंत.